छापील शब्दाला जामीन कोण?

'संपादणे' हा मराठी शब्द छापखान्याहून पुष्कळ जुना आहे. विद्या संपादन करावी लागते, धन संपादन करावे लागते आणि लोकांचा विश्वास तर फारच कष्टाने संपादन करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे वृत्तपत्रे निघू लागली. दुसऱ्यांनी लिहिलेले पारखून, दुरुस्त करून, स्वतःच्या जबाबदारीवर प्रसिद्ध करणाऱ्या गृहस्थाला प्रारंभी 'पत्रकर्ता' म्हणत. कालांतराने 'संपादक' हे नाव रूढ झाले. देणाऱ्याने ते जाणून दिले असो वा नसो, त्या नावात मोठा अर्थ भरला आहे. लेखक लेख लिहितो. संपादक त्या लेखासाठी वाचकाचा विश्वास संपादन करतो.

धर्मगुरूने प्रवचनपीठ सोडून छापखान्यात का शिरावे, असे आमचे वाचक कदाचित विचारतील. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या घरांतून छापील शब्दाला अजूनही मान आहे. वडीलधारी माणसे वादाच्या अखेरीस "पुस्तकात छापून आले आहे" असे म्हणतात आणि पुष्कळदा तेवढ्याने वाद मिटतो. ज्या शब्दावर आपण एवढा भार टाकतो त्याला जामीन कोण राहतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. दुसरे कारण आमच्या स्वतःच्या एका अपराधाचे आहे. ते लेखाच्या अखेरीस सांगू. तत्पूर्वी इतिहासाकडे वळू.

पॅरिसमधील कात्री

कोशांच्या इतिहासात फ्रान्समधील 'आंसिक्लोपेदी' या ग्रंथाचे स्थान फार मोठे आहे. ल ब्रतों नावाच्या पॅरिसमधील एका मुद्रक-प्रकाशकाच्या मनात एवढेच होते की, एफ्राइम चेंबर्स यांनी १७२८ साली काढलेल्या दोन खंडांच्या इंग्रजी कोशाचे फ्रेंच भाषांतर करून विकावे. १७४७ साली त्याने व त्याच्या भागीदारांनी हे काम दनी दीद्रो आणि दालाँबेर या दोघा विद्वानांवर सोपवले आणि त्या कामाचे रूपच पालटले. पहिला खंड १७५१ साली बाहेर पडला. १७७२ साली ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा मजकुराचे १७ खंड आणि चित्रांचे ११ खंड झाले होते. सुमारे ७२,००० नोंदींच्या या ग्रंथातील जवळजवळ १७,००० नोंदी शव्हालिए द झोकूर या एकट्या सरदाराने मोबदला न घेता लिहिल्या. दीद्रो स्वतः कारागिरांच्या कर्मशाळांत जाऊन माहिती गोळा करत असे.

सेमिनरीत शिकत असताना दीद्रोचे नाव आम्हाला ख्रिस्तसभेच्या टीकाकारांच्या यादीत प्रथम भेटले. ते चुकीचे नव्हते. या ग्रंथातील अनेक नोंदींत धर्मसत्तेवर आणि राजसत्तेवर आडून वार केलेले होते. १७५२ साली राजाज्ञेने पहिल्या दोन खंडांवर बंदी आली. १७५९ साली प्रकाशनाचा परवानाच रद्द झाला आणि त्याच वर्षी पोप क्लेमेंट तेरावे यांनी ग्रंथाचा निषेध केला. दालाँबेर त्याआधीच संपादनातून बाजूला झाला होता. दीद्रो मात्र टिकून राहिला आणि उरलेले दहा खंड त्याने परवान्यावाचून, गुप्तपणे तयार केले. राजाच्या ग्रंथव्यवहार खात्याचे प्रमुख मालझर्ब यांच्याकडे एकदा या कोशाची हस्तलिखिते जप्त करण्याचे काम आले. त्यांनी दीद्रोला आगाऊ सूचना दिली आणि ती हस्तलिखिते आपल्याच घरी लपवून ठेवण्याची तयारी दाखवली, असे दीद्रोच्या कन्येने पुढे लिहून ठेवले आहे. जप्ती करणाऱ्यानेच आसरा द्यावा, असा तो काळ होता.

आम्हाला येथे सांगायची आहे ती गोष्ट मात्र राजाची नाही आणि पोपमहाशयांचीही नाही. ती छापखान्याच्या आतली आहे. १७६४ च्या नोव्हेंबरात दीद्रोला काही कारणाने आपलीच एक नोंद छापील पानांत पाहण्याची गरज पडली. ती वाचताना त्याच्या ध्यानात आले की, आपण लिहिलेला मजकूर येथे नाही. त्याने आणखी पाने उलटली. ठिकठिकाणी वाक्ये गळाली होती, धार बोथट केली होती, मागचा-पुढचा संबंध तुटला होता. अखेर उलगडा झाला तो असा: दीद्रोने मुद्रिते तपासून, सही करून परत पाठवली की ल ब्रतों आणि त्याचा मुख्य कारागीर ती पुन्हा उघडत, धोक्याची वाटणारी वाक्ये काढून टाकत आणि मगच यंत्रावर चढवत. मूळ हस्तलिखिते जाळून टाकलेली होती. झालेले नुकसान भरून काढण्याची सोय उरली नव्हती.

१२ नोव्हेंबर १७६४ रोजी दीद्रोने ल ब्रतोंला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. संतापाने आणि दुःखाने भरलेल्या त्या पत्राचा मथितार्थ असा की, वर्षानुवर्षे खपलेल्या अनेक सज्जनांचे श्रम तू चोराप्रमाणे विद्रूप केलेस आणि त्यांना त्याची जाणीवही होऊ दिली नाहीस. एवढे होऊनही मित्रांच्या आग्रहाखातर दीद्रोने काम पुरे केले. वाचकांना मात्र कोणीच काही सांगितले नाही. ज्या मुद्रितांवर ही कापाकापी झाली त्यांतील बरीच पाने ल ब्रतोंने फेकली नव्हती. ती बांधून त्याने आपल्या संग्रहात ठेवली होती. विसाव्या शतकात ती उजेडात आली आणि १९४७ साली दोघा अभ्यासकांनी त्यांवरून मूळ मजकूर प्रसिद्ध केला. मधली सुमारे १८० वर्षे वाचक ल ब्रतोंची वाक्यरचना दीद्रोची आणि त्याच्या सहकाऱ्यांची म्हणून वाचत होते.

ल ब्रतोंची बाजू अगदीच पोकळ नव्हती.  परवाना रद्द झालेला, मोठे भांडवल अडकलेले, पोट भरणारे कामगार पदरी असलेले. दीद्रोच्या मतांशी आमचेही पुष्कळ ठिकाणी पटणारे नाही. ती वाक्ये गळाली म्हणून कोणा श्रद्धावंताला कदाचित बरेच वाटेल. तथापि न्याय हा मित्राला एक आणि विरोधकाला एक असा नसतो. ल ब्रतोंने उघडपणे "हे मी छापणार नाही" असे म्हटले असते, तर तो त्याचा अधिकार होता. दीद्रोने मजकूर परत घेतला असता किंवा बदलला असता. त्याने तसे केले नाही. त्याने शब्द बदलले आणि खालचे नाव तसेच ठेवले. आठव्या आज्ञेत ज्या खोट्या साक्षीची मनाई आहे, तिचाच हा एक छापील प्रकार होय.

पुण्यातील पत्रे

दुसऱ्याचा शब्द दडपणे हा संपादनातील एक अपराध झाला. दुसऱ्याचा शब्द न पारखता छापणे हा दुसरा. याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्याच्या प्रत्येक पानावर एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. म्हणजे संपादकाचे म्हणणे राज्यकर्ता आणि प्रजा या दोघांनाही एकाच वेळी वाचता येई. एकाला एक व दुसऱ्याला दुसरे सांगण्याची सोय त्या रचनेतच नव्हती. या पायावर पुढच्या पन्नास वर्षांत मराठी वृत्तपत्रे उभी राहिली. १८८१ च्या जानेवारीत पुण्याहून 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' ही दोन पत्रे निघाली. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते आणि 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे तरुण होते.

त्या काळी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यांना वेडे ठरवले जात आहे, असा मोठा बोभाटा होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा रोख होता. अशातच बर्वे यांची म्हणून सांगितली जाणारी काही पत्रे पुढे आली आणि त्यांच्या आधाराने या दोन्ही वृत्तपत्रांनी कडक लेखन केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. चौकशीअंती ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, परंतु तेवढ्याने भागले नाही. १८८२ च्या जुलै महिन्यात दोघांनाही चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुढे एक पुस्तक लिहिले.

या प्रकरणाचा विचार आम्ही अनेकदा केला आहे. छत्रपतींविषयी लोकांना वाटणारी चिंता अस्थानी नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगर येथे त्यांचा दुर्दैवी मृत्यू झाला. संपादकांचा हेतूही शुद्ध होता. तरी पुरावा खोटा होता, आणि शुद्ध हेतू खोट्या पुराव्याला खरे करू शकत नाही. पत्रे लिहिणारा कोणी वेगळाच होता. तुरुंगात गेले ते ती खरी मानणारे. संपादकपद म्हणजे काय, हे या एका वाक्यात आले. जे आपण लिहिले नाही त्याचाही जाब आपण द्यायचा, हाच त्या पदाचा करार आहे. सुटकेनंतर लोकांनी दोघांचे मोठे स्वागत केले याचे कारणही आम्हाला येथेच दिसते. बनावट पत्रांचे समर्थन कोणी केले नाही. परंतु आपल्या छापील शब्दाची किंमत भरणारी माणसे लोकांना दिसली.

आगरकरांच्या जीवनात याच्या पुढची पायरीही आहे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले तेव्हा १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. मनाला न पटणाऱ्या मजकुराखाली नाव ठेवून बसण्यापेक्षा त्यांनी खुर्ची सोडली. आगरकर देवाला मानणारे नव्हते. आम्ही मानणारे आहोत. पण सदसद्विवेकबुद्धीशी असे प्रामाणिक राहणे आम्हा श्रद्धावंतांनाही नित्य जमते, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

न्यूयॉर्कचा कोश आणि मुंबईचे संपादक

आता ज्या कोशाशी आपला कॅथलिकांचा थेट संबंध आहे त्याकडे येऊ. १९०२ च्या सुमारास अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरू जॉन विन यांनी त्या काळच्या एका सर्वसामान्य ज्ञानकोशातील कॅथलिक विषयांवरच्या नोंदींत किती चुका आणि किती पूर्वग्रह आहेत, हे दाखवून दिले. विन हे स्वतः एका मासिकाचे संपादक होते. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. जानेवारी १९०५ मध्ये न्यूयॉर्क येथे पाच जणांचे संपादक मंडळ बसले. लॅटिनचे प्राध्यापक चार्ल्स हर्बरमान हे प्रमुख. त्यांच्यासोबत एडवर्ड पेस, कोंडे पॅलन, थॉमस शहान आणि विन. पाचांपैकी दोघे, प्रमुख संपादक धरून, प्रापंचिक होते, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांतील मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०७ साली पहिला खंड निघाला, १९१२ साली पंधरावा आणि १९१४ साली सूचीचा खंड. काम पुरे होईपर्यंत या संपादकांच्या १३४ औपचारिक सभा झाल्या. कोणती नोंद किती लांबीची असावी, ती कोणाकडून लिहून घ्यावी, आलेले लेखन पुरेसे आहे की नाही, हे सारे सभांतून ठरे.

या कोशाच्या नोंदींखाली लेखकाचे नाव छापलेले असे. खंडाच्या प्रारंभी आणखी दोन नावे असत: ग्रंथ तपासणाऱ्या धर्मपंडिताचे आणि मुद्रणास अनुमती देणाऱ्या महागुरुस्वामींचे. 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इंप्रिमातुर' हे लॅटिन शब्द आपल्यापैकी अनेकांनी प्रार्थनापुस्तकांच्या पहिल्या पानामागे पाहिले असतील. या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. तपासणारा कधी अतिसावध असतो, कधी चुकतोही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. तपासणारा तेथे आपल्या नावानिशी उभा असतो. ल ब्रतोंच्या कात्रीला नाव नव्हते.

या कोशातील मुंबई महाधर्मप्रांतावरील नोंद मुंबईच्या 'द एक्झामिनर' या साप्ताहिकाचे संपादक फादर अर्नेस्ट हल, येशूसंघीय, यांनी लिहिली. हा विषय सोपा नव्हता. पोर्तुगालच्या राजाचा 'पाद्रोआदो' म्हणजे धर्माश्रयाचा हक्क आणि रोमच्या 'प्रोपागांदा' मंडळाचा अधिकार, या दोहोंच्या ओढाताणीत मुंबईचे कॅथलिक दुभंगलेले होते. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना मुंबई बेटावरून दूर केले आणि १७९४ साली तेथील चर्चेसची दोन पक्षांत वाटणी झाली. एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे नांदत, आणि सोयरसंबंधांतही त्याचे पडसाद उमटत. रोम व पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या कराराने हे दुहेरी राज्य संपले. म्हणजे फादर हल यांनी नोंद लिहिली तेव्हा वाद जिवंत होता आणि दोन्ही बाजूंची माणसे त्यांचे साप्ताहिक वाचत होती. "सर्व काही आलबेल आहे" असे एक वाक्य लिहून त्यांना सुटका करून घेता आली असती. त्यांनी तसे केले नाही. अधिकारांच्या या झगड्याचा वृत्तान्त त्यांनी नोंदीत दिला आणि पुढे त्याच प्रश्नाचा मोठा इतिहासही लिहिला. ते एका पक्षाचे होते, हे वाचकाने विसरू नये. पण त्यांनी भांडण झाकले नाही आणि खाली स्वतःचे नाव घातले. पुढच्या अभ्यासकाला त्यांच्याशी वाद घालता येतो तो यामुळेच.

नागपूर, पुणे आणि वाई

मराठीत हे काम उभे केले ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर अभ्यास करून ते परत आले आणि मराठीत ज्ञानकोश झालाच पाहिजे या ध्यासाने त्यांना झपाटले. पाठीशी सरकार नव्हते आणि कोणी एक धनिकही नव्हता. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले, माणसे शिकवून तयार केली आणि पुढे सारा कारखाना पुण्यास हलवला. १९२० साली 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चा पहिला खंड आला आणि त्या दशकात २३ खंड पुरे झाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड म्हणजे स्वतंत्र ग्रंथच होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. केतकरांची मते ठाम होती आणि ती कोशात उमटलीही; यावर टीका झाली. परंतु काम संपल्यावर १९२७ साली त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या कामाचा इतिहास पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवला. ज्यांचा पैसा आणि विश्वास घेतला त्यांना हिशेब द्यायचा, ही त्यामागची भावना आम्हाला विशेष मोलाची वाटते.

त्यानंतरचे मोठे काम म्हणजे वाई येथील 'मराठी विश्वकोश'. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे प्रमुख संपादक. येथे राज्यशासनाचे पाठबळ होते, पण अडचण वेगळीच होती. आधुनिक विज्ञानाच्या कित्येक संकल्पनांना मराठीत ठरलेले शब्दच नव्हते. निरनिराळ्या लेखकांनी एकाच वस्तूला निरनिराळी नावे दिली तर वाचकाने काय करावे? म्हणून नोंदींच्या खंडांपूर्वी, १९७३ साली, परिभाषासंग्रहाचा खंड काढला गेला आणि १९७६ साली नोंदींचा पहिला खंड आला. लक्ष्मणशास्त्री १९९४ साली निवर्तले. त्यांच्यामागून मे. पुं. रेगे आदींनी धुरा वाहिली आणि विसावा खंड २०१५ साली पूर्ण झाला. पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत ३९ वर्षे गेली. इतका विलंब का, असे विचारणारे पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. तरी मोठी चर्चेस बांधणाऱ्या गवंड्यांप्रमाणे, ज्यांनी पाया घातला त्यांनी कळस पाहिला नाही, आणि तरीही चिरा सरळ बसवला, असे या कामाबद्दल म्हणावेसे वाटते.

आमची स्मरणिका

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू असताना तेथील चर्चचा मोठा वर्धापन महोत्सव आला. स्मरणिका काढण्याचे ठरले आणि संपादक म्हणून आमचे नाव पडले. गावातील एका निवृत्त मास्तरांनी धर्मग्रामाच्या जुन्या दिवसांवर सुंदर लेख लिहून दिला. त्यात दोन परिच्छेद एका विहिरीविषयी होते. आम्ही ते गाळले. गाळल्यामुळे लेखात खिंडार दिसू लागले म्हणून तेथे स्वतःचे एक वाक्य घातले: त्या काळी सर्व आळ्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. मास्तरांना विचारले नाही. वेळ नव्हता, असे आम्ही मनाला सांगितले. खरे कारण असे की, त्या परिच्छेदांत ज्या घराण्यांकडे बोट होते त्यांचीच नावे आमच्या देणगीदारांच्या यादीत अग्रभागी होती.

प्रकाशनानंतरच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मास्तर स्मरणिका घेऊन आले. आवाज चढला नव्हता. म्हणाले, "फादर, दोन परिच्छेद गाळलेत त्याचे मला काही नाही. जागा नसेल. पण हे वाक्य माझे नाही आणि खाली नाव माझे आहे. माझी आई त्या बावखलावरून पाणी वाहून वाहून म्हातारी झाली. तिच्या मुलाने असे लिहिले, असे आता आमच्या आळीतली पोरे म्हणतील."

आम्ही क्षमा मागितली आणि दुरुस्ती छापण्याचे वचन दिले. पण वृत्तपत्राला दुसऱ्या दिवशीचा अंक असतो, कोशाला पुरवणी असते. स्मरणिकेला पुढचा अंक नसतो. आज करू, उद्या करू, असे होत गेले. आमची बदली झाली. पुढल्या वर्षी मास्तर प्रभूच्या घरी गेले. दीद्रोची हकिकत आम्ही त्यानंतर वाचली, आणि वाचताना ल ब्रतोंच्या जागी आम्हाला आमचाच चेहरा दिसला. एवढेच बरे की, त्याच्याप्रमाणे आम्हीही ती मुद्रिते फेकली नव्हती. मास्तरांच्या हस्ताक्षरातील ती दोन पाने आमच्या एका फाइलीत आजही आहेत.

एकेकाळी घरोघरी कपाटात दिसणारे कोशांचे खंड आता क्वचितच विकत घेतले जातात. १७६८ साली एडिंबरा येथे छपाईस प्रारंभ झालेल्या 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ने २०१२ साली छापील आवृत्ती बंद केल्याचे जाहीर केले. 'मराठी विश्वकोश'ही संगणकावर वाचता येतो. बातमी आणि माहिती आता प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर येते आणि बोटाच्या एका स्पर्शाने पुढे जाते. पुढे पाठवणारा म्हणतो, "मी थोडेच लिहिले? मला आले ते मी पाठवले." १८८२ साली आगरकर-टिळकांनाही हे म्हणता आले असते, पण न्यायालयाने ते मानले नसते. दुसऱ्याचा शब्द जो पुढे नेतो तो त्याला जामीन राहतो, हा नियम साधनांबरोबर बदलत नाही. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतात की, प्रारंभापासून सर्व गोष्टींचा कसून शोध घेऊन मगच आपण लिहावयास बसलो. एवढा शोध आपल्याच्याने होणार नसेल, तर निदान पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबणे प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

आमच्यापुरते म्हणायचे तर, उपदेशापेक्षा फेड अगोदर. मास्तरांच्या कन्येची परवानगी घेऊन आणि या त्रैमासिकाच्या संपादकांच्या संमतीने आम्ही येथे ती दुरुस्ती नोंदवत आहोत.

त्या स्मरणिकेतील धर्मग्रामाच्या इतिहासावरील लेखात सर्व आळ्या गुण्यागोविंदाने नांदत असल्याचे जे वाक्य आहे, ते मास्तरांचे नाही. ते आमचे आहे आणि खरे नाही. मास्तरांनी लिहिले होते ते थोडक्यात असे: चर्चच्या आवारातील विहिरीवर एका आळीतील बायकांना पाणी भरू दिले जात नसे. त्या उन्हातान्हात दूरच्या बावखलावरून पाणी आणीत. एका कडक वैशाखात बावखल आटले, तेव्हा त्या वेळच्या धर्मगुरूंनी स्वतः रहाटाजवळ उभे राहून त्या बायकांच्या कळशा भरून दिल्या. त्यामुळे दोन घराण्यांनी वर्षभर चर्चची पायरी चढली नाही. वर्षानंतर ती परत आली आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला सर्व आळ्या एकत्र बसल्या. मास्तरांनी आपल्या परिच्छेदाचा शेवट या समेटावर केला होता. भांडण गाळण्याच्या नादात आम्ही तो समेटही गाळला.